व्हॅटिकनच्या बागा: जमत असेल तर पायीच बघा

मी कराडला २९ वर्षं भूगोल शिकवला. 'जगातला सर्वांत लहान देश, क्षेत्रफळ ०.४४ चौरस किलोमीटर' हे किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल! पण हा देश टेकडीवर चढत गेलाय, हे व्हॅटिकन म्युझियमची बागांची टूर केली तेव्हा पायांना कळलं.

ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ह्यांचं तिकीट उघड्या बसचं काढलं आणि मी चालत गेले. बस पाऊण तासात फिरवून आणते, पायी जवळपास दोन तास लागतात. गाइडबरोबरच राहायचं, एकट्याने भटकता येत नाही. पुढे म्युझियम आणि सिस्टिन चॅपल त्याच तिकिटात.

४४ हेक्टर म्हणजे आपल्या हिशेबात १०९ एकर. त्यातली निम्मी जमीन बागांची. सेंट पीटर्स चर्चसमोरचा चौक समुद्रसपाटीपासून साधारण १९ मीटरवर आणि टेकडीचा माथा पंचाहत्तरच्या आसपास. आमच्या टूरवाल्याने "सगळं सपाट आहे" म्हणून सांगितलं होतं. ते साफ चुकीचं. बूट चांगले घाला.

रोमच्या सात टेकड्यांत ही टेकडी धरत नाहीत. त्या टायबर नदीच्या पलीकडे, बहुतेक ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या टफ दगडाच्या. हिच्या पोटात मात्र समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती आहे. रोमन काळात इथल्या मातीच्या विटा आणि भांडी व्हायची. मी शेतकऱ्याची मुलगी, माझा जीव त्या मातीत अडकला.

देशाला स्वतःची नदी नाही, टायबर हद्दीबाहेरून जाते. मग एवढ्या कारंज्यांना पाणी कुठलं? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाचव्या पॉल पोपने ब्राचानो तळ्याच्या बाजूने जलवाहिनी आणली. ते पाणी आल्याच्या आनंदात बांधलेलं गरुडाचं कारंजं अजून वाहतंय. खडबडीत दगड, कपारींत ओलं शेवाळ, वर पंख पसरलेला गरुड. बाकीचे पुढे गेले तरी माझा पाय तिथून निघेना.

माथ्यावर नवव्या शतकात चौथ्या लिओ पोपने घातलेल्या तटाचा तुकडा आहे. तट उंचवट्याच्या धारेने नेलाय, आपल्या गडांवर नेतात तसाच.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "चढ केवढा होता, पाहिलात ना?" ह्यांनी झाडं पाहिली होती, कारंजी पाहिली होती. चढ बसमध्ये जाणवलाच नव्हता.