लूथर कॉलेज, डेकोरा: नऊ महिन्यांनंतर, स्टँड नसलेल्या गावातून

नोव्हेंबरमध्ये ऐनवेळी माझी फेरी रद्द करणाऱ्या व्हॅनवाल्याचा परवा शेवटचा मेल आला. भाड्याच्या ९५ डॉलरपैकी निम्मे पुढच्या प्रवासात वळते करून देतील, रोख परत काही नाही. नोव्हेंबरपासून मी या पैशांच्या मागे आहे. ९५ डॉलर म्हणजे कॉलेजच्या मेसमध्ये मी जवळपास दहा तास धुतलेली भांडी. मी ते सोडणार नव्हते, पण आता सोडतेय. परीक्षा संपल्यावर निवांत लिहायचं ठरवलं होतं, ते या रागात आजच लिहितेय.

आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा कागद), व्हिसा, स्कॉलरशिप यांवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही. मी मुळशीच्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजमधून, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय निवासी कॉलेजमधून आले. तिथल्या मुलांना डेव्हिस स्कॉलरशिपवर जी अमेरिकन कॉलेजं घेतात, त्यांत आयोवा राज्यातल्या डेकोरा गावचं हे लूथर कॉलेज आहे. घरून इतक्या लांब येणं मला त्यामुळेच जमलं.

माझे पप्पा अकोले आगारात वाहक. प्रवेशाचं पत्र आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टँडपासून किती लांब?" मी म्हटलं, बघून सांगते. सल्ला देणाऱ्या एका बाईंनी मला "ग्रामीण म्हणजे शांत, अभ्यासाला छान" एवढंच सांगितलं होतं. ग्रामीण म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. आमच्याकडे वाडीवरसुद्धा दिवसातून दोन गाड्या येतात, उशिरा का होईना. इथे आले आणि स्टँड म्हणावं असं गावात काही सापडलंच नाही. प्रवासी रेल्वे नाही. जवळची शहरं म्हणजे ला क्रॉस शंभरेक किलोमीटरवर, रॉचेस्टर त्याहून थोडं पुढे, आणि मिनिॲपोलिसचा विमानतळ अडीच-तीन तासांवर. ज्याच्याकडे गाडी नाही तो इथे दुसऱ्याच्या सोयीवर असतो. कॉलेजच्या माहितीत 'ग्रामीण' हा शब्द वाचून हे कळत नाही, पहिल्या रविवारी कळतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मिनिॲपोलिसला लागून असलेल्या सेंट पॉलला मैत्रिणीकडे गेले होते. परतीची व्हॅन विमानतळावरून संध्याकाळी सहाला होती. पावणेसहाला मेसेज आला: बर्फामुळे आजची फेरी रद्द. पुढे काय, याबद्दल एक शब्द नाही. फोन केला तर कोणी उचलला नाही. पप्पांच्या आगारात गाडी रद्द झाली तर नियंत्रक खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खातो, पण असतो तरी तिथे. इथे शिव्या द्यायलाही माणूस नव्हता. मैत्रिणीकडे परत जायला गाडीचे पैसे जास्त मागत होते, म्हणून विमानतळावरच बसले. मेसमध्ये आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंना रात्री मेसेज टाकला, उद्या दुपारच्या पाळीला येणं जमणार नाही म्हणून. उत्तर आलं: कुठल्या दारापाशी आहेस?

पहाटे चारला निघून त्या आल्या. साठी ओलांडलेली बाई, दंडाला सांधेदुखीचा पट्टा. मागच्या सीटवर घोंगडी, फावडं, वाळूची पिशवी आणि मेणबत्त्यांचा डबा. गाडी बर्फात अडकली तर एक काच बोटभर उघडी ठेवून मेणबत्ती लावली की ऊब राहते, हे त्यांनी मला आयोवाची हद्द येईपर्यंत समजावून सांगितलं. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर ऐकल्यासारखंही केलं नाही. पप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांना काय पाठवायचं?" आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे, अजून वाटेत आहे.

त्या सोमवारी माझा पायडिआचा तास बुडाला. पायडिआ म्हणजे पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना असणारा वाचन-लेखनाचा सामायिक अभ्यासक्रम. मी कळवायच्या आत सरांचाच मेल आला होता: तू दिसली नाहीस, बरी आहेस ना? आमच्या वर्गात आम्ही सतरा जण. एक खुर्ची रिकामी असली की दिसते. तोवर मी दुसऱ्या वर्षी मोठ्या शहरातल्या विद्यापीठात बदली घ्यायचा विचार करत होते, अर्धा अर्ज भरूनही ठेवला होता. त्या आठवड्यात तो बंद केला. माझा पहिला निबंध तीनदा परत आला होता, दर वेळी समासात पेन्सिलीने लिहिलेलं. 'हे तुला वाटतं की कुठे वाचलंस?' हा प्रश्न चार ठिकाणी होता. मला तेव्हा फार राग आला होता. चौथ्या वेळी जे लिहिलं ते माझं होतं.

धर्माबद्दल थोडं, कारण गावातून सगळ्यात जास्त प्रश्न त्यावर येतात. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी १८६१ मध्ये पाद्री घडवण्यासाठी हे कॉलेज काढलं, पुढच्या वर्षी ते डेकोराला आलं. मुलींना प्रवेश मिळाला तो १९३६ पासून. आज लूथरन चर्चशी नातं आहे, चॅपलमध्ये प्रार्थना भरते, पण जायची सक्ती नाही. धर्माचा अभ्यास पदवीसाठी करावा लागतो, तो अभ्यास म्हणूनच असतो. मला कोणी काही बदलायला सांगितलेलं नाही. उलट इथल्या गाण्याने मला धरून ठेवलं. नॉर्डिक क्वायर हा कॉलेजचा गायकवृंद १९४६ पासून आहे आणि त्याचे संचालक वेस्टन नोबल यांनी १९४८ पासून २००५ पर्यंत इथे शिकवलं, हे गावातला किराणावालासुद्धा सांगतो. डिसेंबरच्या ख्रिसमस कार्यक्रमात शेवटी सभागृहातले सगळे उभे राहून चार आवाजांत गायला लागले, कोणाच्या हातात कागद नाही. मला आमच्या सप्ताहातला काकडा आठवला. भाषा कळत नव्हती तरी अंगावर काटा आला.

आणि राहीबाई. आमच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. इथे डेकोराच्या उत्तरेला सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं शेत आहे, १९७५ पासून जुनं वाण जपणारी संस्था. मी फाटकाजवळ मक्याची कणसं पाहत उभी राहिले आणि माहिती सांगणाऱ्या मुलीला राहीबाईंबद्दल सांगितलं. तिने नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. नऊ महिन्यांत मला इतकं घरी आल्यासारखं दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

तिथे गेले कशी? तेच सांगायचं होतं. 'अर्ल' नावाची सार्वजनिक गाडी आहे, फोन करून बोलवायची. पाच महिने मला हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चालक वेळेवर येतो, नावाने हाक मारतो. वर 'गावात काहीच नाही' अशा सुरात लिहिलंय ते तेवढ्यापुरतं मागे घेते. जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर मात्र रडगाणं तेच.

येणाऱ्यांनी एवढं करावं: विमानाचं तिकीट काढण्याआधी शेवटचे दोनशे-अडीचशे किलोमीटर ठरवावेत. व्हॅनवाल्याकडून रद्द झाल्यास पैसे परत मिळतील असं लेखी घ्यावं. बर्फाचे बूट भारतातून आणू नयेत, इथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले मिळतात. माझे अकरा डॉलरचे आहेत आणि अख्खा हिवाळा टिकले. मेसमध्ये पहिल्या आठवड्यातच काम मागावं, पैशांसाठीही आणि माणसांसाठीही.

ऑगस्टमध्ये परत येताना मी शिकागोहून रेल्वेने येणार आहे. २०२४ पासून तिथून बोरिअलिस नावाची गाडी ला क्रॉसमार्गे जाते. पप्पांना वेळापत्रक पाठवलं, त्यांनी ते छापून घेऊन आगारात लावलंय म्हणे. ला क्रॉसपासून पुढच्या शंभर किलोमीटरचं अजून ठरायचंय.