गजबजलेली लेव्हल की सुटसुटीत?

पझल गेमसाठी लेव्हल, म्हणजे खेळाचा एकेक टप्पा, रचायला बसणाऱ्याला एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो: कोडे वस्तूंनी भरलेल्या, वावर असल्यासारख्या जागेत मांडायचे, की कोड्याला लागते तेवढेच ठेवून बाकीचे काढून टाकायचे? मी दोन्ही प्रकारच्या लेव्हल पुष्कळ खेळलो आहे, हौसेने थोड्या रचल्याही आहेत, आणि गेली काही वर्षे सुटसुटीत मांडणीकडे वळलो आहे. तरीही गजबजलेल्या मांडणीची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही.

१९९३ च्या ‘मिस्ट’ या गेममध्ये बेटावरचे एखादे यंत्र कशासाठी आहे, हे ओळखणे हाच कोड्याचा मोठा भाग आहे, तिथला पसारा आवरला तर कोडेही त्याच्याबरोबर जाईल. २००९ च्या ‘मशिनेरियम’मध्ये हाताने रेखाटलेले गंजके शहर पाहत राहावेसे वाटते, पण त्यात एक शहाणी मर्यादाही घातलेली आहे. खेळाडू ज्या रोबोला चालवतो, त्याच्या हाताला लागतील तेवढ्याच वस्तू वापरता येतात, त्यामुळे चित्र कितीही भरलेले असले तरी एका वेळी विचारात घ्यायचा तुकडा लहान राहतो. ज्यांना कोड्यापेक्षा त्या जागेत रमणे अधिक आवडते, त्यांना सुटसुटीत लेव्हल कोरडी वाटेल, आणि त्यांची तक्रार मला समजते.

माझे मत ज्या एका त्रासामुळे बदलले, तो असा. एका गेममध्ये पिंप, नळ आणि खोकी यांनी भरलेल्या खोलीत मी दोन संध्याकाळी अडकून पडलो होतो. उत्तर पहिल्याच संध्याकाळी माझ्या मनात आले होते, पण त्यासाठी एका खटक्याची गरज होती आणि तसा खटका खोलीत मला दिसत नव्हता. म्हणून तो विचार चुकीचा ठरवून मी सोडून दिला. खटका होता, नळांच्याच रंगाचा, दोन पिंपांच्या मागे. तो सापडला तेव्हा आनंद झाला नाही, फार वाईट वाटले, कारण बरोबर विचार करूनही त्या विचारावरचा विश्वास मी गमावला होता. अशा लेव्हलमध्ये अडलो की चूक विचारात आहे की नजरेत, हे कळायला मार्ग नसतो, आणि मग माणूस विचार थांबवून भिंतींना हात लावत फिरू लागतो.

सुटसुटीत लेव्हलमध्ये अडकणे वेगळे असते. १९८१ साली तयार झालेल्या ‘सोकोबान’मध्ये भिंती, पेट्या, त्या ठेवायच्या जागा आणि एक गोदामवाला एवढेच आहे, पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. काहीही लपवलेले नसते. तरीही हा खेळ सोपा नाही: सर्वसाधारण रूपातील सोकोबान संगणकासाठीही अत्यंत कठीण प्रकारात मोडते, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले आहे. मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की अशी लेव्हल पडद्यापासून दूर नेता येते. चालताना किंवा डोळे मिटून पडल्यावर ती मनात पूर्ण उभी राहते आणि तिथेच सुटूही शकते. गजबजलेली खोली मनात मावत नाही. तिच्यासाठी पुन्हा पडद्यासमोरच बसावे लागते.

दोन्ही तऱ्हा एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर २००७ चा ‘पोर्टल’ या दृष्टीने पुन्हा खेळून पाहावा. क्रमांक घातलेल्या चाचणी-खोल्या उजळ आणि मोकळ्या आहेत, आणि पोर्टल (एका भिंतीत शिरून दुसरीतून बाहेर पडण्यासाठी खेळाडूने उमटवायचे दार) कुठे उमटेल हे भिंतीच्या पृष्ठभागावरूनच बहुधा ओळखू येते. १९ व्या खोलीनंतर आपण पडद्यामागच्या गंजक्या भागात शिरतो; तिथे वातावरण फार दाट आहे, पण माझा वेळ तिथे योग्य भिंत शोधण्यात अधिक गेला, असे मला आठवते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

सुटसुटीत मांडणीत एक खरा दोष आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. जे दिले आहे ते लागणारच, हे खेळाडूला ठाऊक असते. त्यामुळे तीन पेट्या दिसल्या की तिन्ही वापरायच्या, असे धरून तो उत्तराकडून उलटा चालत येतो. यावर मी एखादी जादा पेटी ठेवून पाहिली आहे. ती पसाऱ्यात मोडत नाही, असे माझे मत आहे, कारण ती खेळाच्या नियमांनी बांधलेली असते आणि ती निरुपयोगी आहे हे विचाराने शोधता येते. रंगवलेले पिंप निरुपयोगी आहे हे मात्र त्याला धक्का देऊनच कळते. २०१९ च्या ‘बाबा इज यू’ने हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पटावर मांडलेले असतात: ज्या वस्तूविषयी पटावर कोणताही नियम मांडलेला नाही, ती वस्तू तोपर्यंत निव्वळ देखावा असते, आणि हे खेळाडूला वाचता येते.

मी एकदा तेच कोडे साध्या चौकटींवर आणि सजवलेल्या बागेत असे दोन प्रकारे रचून ओळखीच्या काही जणांना दिले. बाग सर्वांना अधिक आवडली, हे मान्य केले पाहिजे. पण बागेत खेळणाऱ्या प्रत्येकाने आधी कुंड्या हलवून पाहिल्या, आणि चौकटींवर खेळणारे पहिली चाल करण्यापूर्वी काही वेळ स्तब्ध बसले. मला ते स्तब्ध बसणेच हवे होते. एवढ्याशा अनुभवावरून नियम ठरवता येत नाही, परंतु त्यानंतर मी प्रत्येक लेव्हल आधी राखाडी ठोकळ्यांवर पूर्ण करतो आणि मगच एकेक सजावट चढवून पाहतो. बागेच्या त्या लेव्हलमध्ये आता एकच वेल उरली आहे. ज्या कोपऱ्यात ढकललेली पेटी पुन्हा कधीच बाहेर काढता येत नाही, त्या कोपऱ्यात ती आहे.