महामार्ग अडला तेव्हा: हैदराबाद–नागपूर शयनयान बससेवेचा अनुभव

२८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मी आईला घेऊन एका खासगी कंपनीच्या शयनयान बसने हैदराबादहून नागपूरला निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिची तपासणी ठरलेली होती. बस स्वच्छ होती, चादरी धुतलेल्या होत्या आणि गाडी वेळेवर सुटली. मात्र सरसकट कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या शेतकऱ्यांनी त्याच संध्याकाळी वर्धा मार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, ट्रॅक्टरांसह ठिय्या दिला होता. मोर्चा आधीपासून जाहीर असूनही कंपनीच्या कार्यालयाने प्रवाशांना साधा संदेशही पाठवला नाही, आणि पहाटे बुटीबोरीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हाच आम्हाला कारण कळले.

चालक आणि त्यांचा मदतनीस यांचे मात्र मनापासून आभार मानले पाहिजेत. मदतनीसाने पेट्रोल पंपावरून पाण्याचे कॅन आणले, आईला खाली उतरून पाय मोकळे करता यावेत म्हणून आधार दिला. गाडी मागे वळवून उमरेडमार्गे नेण्याची चालकांची तयारी होती, पण जादा डिझेलचा खर्च कोण करणार या प्रश्नावर कार्यालयाने परवानगी द्यायला चार तास लावले. तपासणीची वेळ टळली. पुढे भाड्यातील काही रक्कम परत मागितली, तेव्हा आंदोलन हे आमच्या हाताबाहेरचे कारण आहे, असे उत्तर मिळाले. आंदोलन हाताबाहेरचे होते हे मान्य, पण ते चार तास कंपनीच्याच हातात होते.

रस्ता अडवणाऱ्यांसाठी कडक कायदाच हवा, असे त्या सकाळी बसमधील अनेक जण म्हणत होते. शेजारी आजारी आई असतानाही मला ते पटले नाही. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तर राष्ट्रीय महामार्ग वाहतुकीस निरुपयोगी करणाऱ्या कृत्यासाठी १९५६ च्या महामार्ग अधिनियमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन सायंकाळी सहापर्यंत रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला, तोही कोणत्या नव्या कायद्याची वाट न पाहता. विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात रस्ते आणि रेल्वेच्या दळणवळणात व्यत्यय आणणेही बेकायदेशीर कृत्यांत धरले आहे. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचे सरकार सांगते, तरीही त्या व्याख्येत उद्या कर्जमाफी मागणारी शेतकरी संघटना बसवली जाईल, याची मला धास्ती वाटते.

चालक आणि मदतनीस यांना पाचपैकी पाच गुण, कार्यालयाला एक. रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांनी ही बस टाळावी आणि रेल्वेचे आरक्षण मिळत असल्यास तेच घ्यावे.