आमच्या बी.एड. कॉलेजची शनिवारची व्याख्यानं: पाचपैकी साडेतीन

कॉलेजचं नाव लिहीत नाही, माझी दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल अजून व्हायची आहेत. सोलापुरातलं आहे, एवढं पुरे.

दर शनिवारी ११ वाजता पाहुण्यांचं व्याख्यान. मी आठ ऐकली. त्यातल्या सात जणांचं आज काही आठवत नाही, शालीचा रंग विचाराल तर सांगेन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार यातच अर्धा-पाऊण तास जातो. मग पाहुणे डिसले गुरुजींचं नाव घेतात. ते शिकवायचे ती परितेवाडी आपल्याच जिल्ह्यातली आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राईझ, त्यामुळे टाळी हमखास. पण त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडवर पोरं नेमकं काय ऐकायची, काय बघायची, हे एकानेही सांगितलं नाही. शेवटी 'काही प्रश्न?' आणि सभागृह चिडीचूप. कोण येणार तेच आधी माहीत नसतं, प्रश्न कुठून सुचणार?

आठव्या मात्र जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पहिली नेमणूक अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. पहिल्याच आठवड्यात पहिलीतला एक पोरगा सारखा म्हणायचा, 'नीरु बेकु, नीरु बेकु.' बाईंना वाटलं, नीरू म्हणजे ह्याची बहीण. त्याचा हात धरून चौथीच्या वर्गापर्यंत गेल्या आणि 'यातली नीरू कोण?' म्हणून विचारलं. सगळा वर्ग हसला. पोराला पाणी हवं होतं. त्या संध्याकाळी बाईंनी गावातल्या किराणा दुकानदाराकडून वीस कन्नड शब्द लिहून घेतले: पाणी, भूक, शू, पोट दुखतंय. ती वही त्यांनी सोबत आणली होती, कडा कुरतडलेली. स्वतःची फजिती सांगणारा हा एकच पाहुणा मी पाहिला. मातृभाषेवरचं टिपण मी परीक्षेत पानभर लिहून आले होते, पण आंतरवासितेला (इंटर्नशिपला) सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतली शाळा मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी पोरींकडून तेलुगू शब्द लिहून घेतले ते या वहीमुळे. पहिला शब्द 'नीळ्ळू'.

दोन तारे बाईंचे. उरलेला दीड एका आजोबांचा. त्यांना कॉलेजने बोलावलंच नव्हतं, पण ते आले त्या आंतरवासितेच्या शाळेत आम्हाला पाठवलं कॉलेजनेच, म्हणून कॉलेजच्या खात्यात टाकते.

आठवीतल्या एका मुलीचे आजोबा, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. शाळेतल्या मॅडमनी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: भाषण नको, एखादी वस्तू आणा. पोरांकडून प्रश्नही दोन दिवस आधीच चिठ्ठ्यांवर लिहून घेतले होते.

आजोबांनी पिशवीतून जेकार्डचा (मागावर नक्षी विणायच्या यंत्राचा) एक पुठ्ठा काढला, ओळीने भोकं पाडलेला, आणि काही न बोलता पहिल्या बाकावर दिला. तो शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर गप्प उभे. मला मागे घाम फुटला, तास ३५ मिनिटांचा! (सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या सराव पाठात, प्रश्न विचारला की मी दोन सेकंदांत उत्तरही स्वतःच देते.) मग म्हणाले, "ही भोकं कशाला असतील?" हवा जायला. दोरा ओवायला. नंबर हाय. चूक कुणालाच म्हणाले नाहीत, नुसतं "अजून कोण सांगतंय?" सगळ्यांचं सांगून झाल्यावर हाताची बोटं वरखाली करत दाखवलं, "भोक हाय, उभा धागा वर. भोक न्हाई, खाली. मधून आडवा धागा घेऊन धोटा गेला की एक ओळ झाली."

"मग फुलाला किती पुठ्ठे लागतात, आजोबा?"

"एका ओळीला एक. घरची चादर घे, मोज की."

दुसऱ्या दिवशी तीन पोरी मोजून आल्या. तिघींचे आकडे वेगळे निघाले, आणि माझा गणिताचा तयार पाठ बाजूला ठेवून आम्ही वर्गात चादर अंथरली.