मोठं जहाज की छोटं? क्रूझचं बुकिंग करण्याआधी

क्रूझला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी ठिकाण बघतात, मग तारखा, मग दर. जहाज कोणतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. हा क्रम उलटा करावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा धंदा दोन टोकांना गेला आहे. एकीकडे हजारो माणसं पोटात घेणारी तरंगती शहरं आणि दुसरीकडे शे-दोनशे प्रवाशांना घेऊन बर्फात शिरणारी जहाजं. दोन्हींना आपण क्रूझच म्हणतो, पण एकीचा अनुभव दुसरीवर मिळत नाही. चुकीच्या जहाजावरून बरोबर ठिकाणी गेलेली माणसं हिरमुसून परत येतात, आणि दोष बिचाऱ्या ठिकाणाला देतात.

गर्दीचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. २०१९ साली जगभरात २ कोटी ९७ लाख लोकांनी समुद्री क्रूझ केली. पुढच्याच फेब्रुवारीत जपानमधल्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट अडकून पडली. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना कोविड झाला. त्यानंतर सगळा धंदाच बंद पडला. आता हा उद्योग संपला असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. पण २०२३ मध्ये प्रवासी ३ कोटी १७ लाखांवर गेले, २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाखांवर. जहाजं वाढली, माणसं वाढली. बंदरं मात्र तीच राहिली. तुमच्या निवडीवर आज सगळ्यात जास्त परिणाम होतो तो याच गोष्टीचा.

मोठं जहाज: जहाज हाच मुक्काम

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं आयकॉन ऑफ द सीज घ्या. लांबी ३६५ मीटर, २० डेक (म्हणजे मजले), ग्रॉस टनेज २,४८,६६३. एका केबिनमध्ये दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळे पलंग भरले तर ७,६००. शिवाय कर्मचारी २,३५०. फिनलंडमधल्या तुर्कू इथे ते बांधलं गेलं.

टनेज म्हणजे जहाजाचं वजन, असा सर्रास समज आहे. खरं तर ते आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे, आणि म्हणूनच निवड करताना उपयोगी पडतं. टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागा. आयकॉनचं उत्तर ४४ च्या आसपास येतं. वायकिंग कंपनीची ९३० प्रवाशांची समुद्री जहाजं साधारण ४७,८०० टनेजची आहेत, त्यांचं ५१ येतं. म्हणजे माणशी जागेत जमीन-अस्मानाचा फरक नाही. महाकाय जहाजावर पाय ठेवायला जागा नसेल ही भीती बऱ्याच अंशी खोटी आहे. गर्दी जाणवते ती ठरावीक वेळी: सकाळच्या नाश्त्याला, लिफ्टपाशी, आणि बंदराला लागल्यावर सगळ्यांना एकदमच उतरायचं असतं तेव्हा.

तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर मोठ्या जहाजाला तोड नाही. नातवंडं पाण्याच्या घसरगुंडीवर, आजी-आजोबा सावलीत, मधली पिढी तासभर मोकळी, आणि रात्री सगळे एका टेबलावर. व्हीलचेअर सगळीकडे फिरते, दवाखाना सुसज्ज असतो, लाटा कमी जाणवतात. ज्यांना बोट लागते त्यांनी तर मोठंच जहाज घ्यावं, आणि त्यातही मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन.

पैशाच्या बाबतीत एकच सांगते, भाड्याच्या आकड्याला भुलू नका. ते भाडं म्हणजे आत शिरण्याचा खर्च. पेयं, इंटरनेट, टिप, खास रेस्टॉरंट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचा हिशोब वेगळा होतो, आणि कंपन्यांच्या कमाईचा मोठा वाटा तिथूनच येतो. अलीकडे कंपन्या स्वतःच्या मालकीची किंवा भाडेपट्ट्याची बेटं आणि किनारे उभारत आहेत, त्याचंही कारण हेच. रॉयल कॅरिबियनने बहामातलं 'कोकोके' हे बेट २०१९ मध्ये नव्याने खुलं केलं. कार्निव्हलने ग्रँड बहामा बेटावर २०२५ मध्ये 'सेलिब्रेशन की' नावाचं ठिकाण सुरू केलं. धक्का त्यांचा, वाळू त्यांची, दुकानही त्यांचंच. लहान मुलांना घेऊन निवांत दिवस घालवायला ही जागा झकास आहे. बहामा बघायला मात्र तिथे जाऊ नये.

छोटं जहाज: उतरण्यासाठीच बांधलेलं

अंटार्क्टिकाचं उदाहरण घेतलं की दोन जहाजांमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे सफरी नेणाऱ्या कंपन्यांची आयएएटीओ ही संघटना १९९१ पासून आहे आणि तिचे नियम कडक आहेत. एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर असता कामा नयेत. जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील तर कुणालाच उतरता येत नाही. म्हणजे मोठ्या जहाजाचं अंटार्क्टिका म्हणजे कठड्यापाशी उभं राहून बघायचं अंटार्क्टिका. इतकंच नाही, 'छोट्या' म्हणवणाऱ्या जहाजांतही फरक पडतो. १०० जणांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. ४८० जणांचं असेल तर पाच पाळ्या होतात, आणि तुमचा बराच वेळ खालच्या डेकवर नंबर येण्याची वाट बघण्यात जातो. जाहिरातीत दोन्ही जहाजं 'एक्सपिडिशन' याच नावाने विकली जातात, म्हणून प्रवासी-संख्या विचाराच.

उतरणं हाही एक सोहळाच असतो. आदल्या दिवशी जॅकेटचे खिसे, बॅगेचे कप्पे, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करून घेतात. कुठल्यातरी गवताचं बी अडकलेलं असेल तर ते तिथे रुजू नये म्हणून. निघताना गमबूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे, आणि कोण उतरलं, कोण परतलं याची नोंद करायची. मग खलाशाचा हात मनगटापाशी धरून रबरी बोटीत बसायचं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, आणि त्याची वाट आपण अडवत असू तर आपणच मागे सरायचं. हे सगळं ज्यांना जाच वाटेल त्यांनी छोट्या जहाजाच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना यातच आनंद वाटेल त्यांना मोठं जहाज कधीच पुरणार नाही.

दर जास्त असतो, बराच जास्त. बहुतेक गोष्टी भाड्यातच धरलेल्या असतात, त्यामुळे बिलाचा धक्का कमी बसतो इतकंच. रात्री करमणूक म्हणजे एखाद्या जीवशास्त्रज्ञाचं व्याख्यान आणि उद्याच्या हवामानाची चर्चा. ठरलेला कार्यक्रम वाऱ्यावर अवलंबून असतो. आज उतरायचं होतं ते रद्द, त्याऐवजी दुसरी खाडी, हे रोजचंच. गुडघे दुखणाऱ्यांनी रबरी बोटीत चढ-उतार जमेल का याचा प्रामाणिक विचार करावा. चौदा वर्षांची मुलं वायफायशिवाय कशी राहतील, याचाही.

बंदरं आता नाही म्हणू लागली आहेत

मोठ्या जहाजाच्या गणितात गेल्या काही वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल हा. जून २०१९ मध्ये एमएससी ऑपेरा हे जहाज व्हेनिसच्या धक्क्यावर जाऊन आदळलं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजवरच्या जहाजांना तिथल्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाने २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी ही मर्यादा घातली. बार्सिलोनाने २०३० पर्यंत सातपैकी पाचच क्रूझ टर्मिनल ठेवायचं ठरवलं आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित भागात जानेवारी २०२५ पासून २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेशच नाही.

या नियमांची चीड येऊन उपयोग नाही. मला ते रास्तच वाटतात. सँटोरिनीचाच हिशोब करून बघा. जहाज कड्याखाली खोल पाण्यात थांबतं. छोट्या बोटी प्रवाशांना जुन्या धक्क्यावर आणतात. तिथून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार किंवा जवळपास ६०० पायऱ्या. केबल कारच्या एका फेरीत ३६ माणसं, म्हणजे तासाला साधारण बाराशे. मर्यादेतले ८,००० जण केबल कारनेच वर जायचं म्हणाले, तर शेवटच्या माणसाला वर पोचायला साडेसहा तास लागतील. आणि मग उतरायचंही आहे. ही मर्यादा घातल्यानंतरची गोष्ट आहे! तिथे राहणाऱ्या माणसाने रोज याच गर्दीतून दुकानात जायचं.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. सफरीच्या पत्रकात 'व्हेनिस' लिहिलेलं असेल आणि जहाज मोठं असेल, तर ते रावेन्ना किंवा त्रिएस्तेला लागण्याची शक्यता आहे. रावेन्नाहून व्हेनिस रस्त्याने दोन-अडीच तास. 'रोम' म्हणजे चिविताव्हेक्या, 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र; तिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर. शहराच्या नावापुढे बंदराचं नाव कंसात, बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते आधी वाचा.

धूर आणि दावे

'आमचं जहाज हरित आहे' असं दोन्ही बाजू सांगतात. दोघांनाही थोडं थांबवून विचारायला हवं.

बरीच मोठी नवी जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. आयडानोव्हा हे २०१८ मधलं जहाज त्यातलं पहिलं. काजळी आणि गंधक जवळजवळ नाहीसं होतं, हा फायदा खराच आहे आणि बंदराजवळ राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना तो कळतो. पण इंजिनातून थोडा मिथेन न जळता निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापदायक आहे. छोटी जहाजं हलकं, स्वच्छ इंधन वापरतात. अंटार्क्टिकात जड इंधन तेलाला ऑगस्ट २०११ पासून बंदीच आहे. पण तेवढं जहाज शंभर-दोनशे जणांसाठी चालवायचं म्हणजे माणशी इंधन सहसा जास्तच पडतं. शिवाय त्या टोकाच्या बंदरापर्यंतचा विमानप्रवास वेगळा. तेव्हा छोटं म्हणजे निसर्गाला हलकं, असं मनाचं समाधान करून घेऊ नये. किनाऱ्यावर त्याचा भार कमी पडतो, हवेवर नाही.

नॉर्वेने तर जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) शून्य-उत्सर्जनाचा नियम १०,००० टनेजखालच्या जहाजांना आधी, म्हणजे २०२६ पासून लावला आणि मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत दिली. तंत्रज्ञान छोट्यांना आधी झेपेल हे त्यामागचं कारण. तुम्हाला त्यातल्या गैरांगर फ्योर्डला छोट्या जहाजाने जायचं असेल तर ते जहाज आत जाणार का, हे बुकिंगआधी लेखी विचारा.

प्रवासी म्हणून एकच नेमका प्रश्न विचारावासा वाटला तर हा विचारा: धक्क्याला लागल्यावर जहाज किनाऱ्यावरची वीज घेतं का? जुनोमध्ये ही सोय २००१ पासून आहे, आणि युरोपच्या मुख्य बंदरांत २०३० पासून ती बंधनकारक होणार आहे. प्लग लावला की इंजिन बंद होतं. उत्तर 'हो' किंवा 'नाही' यातलंच मिळायला हवं.

कामगारांचं दोन्हीकडे सारखंच आहे. बहुतेक जहाजांवर बहामा, पनामा, माल्टा अशांचे झेंडे असतात, म्हणून कामाचे कायदेही त्याच देशांचे; कंत्राटं महिनोन्‌महिन्यांची असतात. आंतरराष्ट्रीय करारानुसार आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. तुमची चादर बदलणारा माणूस सुट्टीशिवाय किती दिवस उभा आहे ते लक्षात ठेवा, आणि बिलातून टिप आपोआप कापून घेण्याचा पर्याय बंद करण्याआधी दोनदा विचार करा.

सुरक्षेबद्दल भीती वाटत असेल तर आकारावरून ठरवू नका. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे मोठं जहाज इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटलं आणि ३२ जण गेले. तेव्हापासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सुरक्षा कवायत सक्तीची झाली. दुसरीकडे २००७ मध्ये एक्सप्लोरर हे छोटं जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फाने फाटून बुडालं. सर्व १५४ जण वाचले, कारण समुद्र शांत होता आणि दुसरी जहाजं जवळ होती. कवायतीला जा, आणि आजारपणात विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा विमा घ्या. दोन्ही जहाजांवर.

आता निवड. पहिलीच क्रूझ, सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा, मुख्य हेतू एकत्र वेळ घालवणं: मोठं जहाज, आणि मार्ग असा की बंदरं मोठी, खोल आणि शहराला लागून आहेत. बर्फ, फ्योर्ड, चिमुकली बेटं, पक्षी, देवमासे: छोटं जहाज, आणि पैसे कमी पडत असतील तर दोन वर्षं थांबून जा. टाळायची ती तिसरी जोडी, मोठं जहाज आणि छोटं गाव. तिथे तुम्ही नाराज होता आणि गावही.

बुकिंगआधी पत्रकातला बंदरांचा तक्ता काढा. प्रत्येक ओळीत आगमन आणि 'सर्वांनी परत' या दोन वेळा असतात. जिथे 'टेंडर' लिहिलं असेल, म्हणजे छोट्या बोटीने उतरायचं असेल, तिथे मोठ्या जहाजासाठी जाताना-येताना मिळून दोन तास वजा करा. बंदर ते शहर प्रवास वजा करा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणून अर्धा-पाऊण तास आणखी वजा करा. उरलेले तास पेन्सिलीने प्रत्येक बंदरापुढे लिहा. ज्या सफरीत हा आकडा बहुतेक ठिकाणी तीनच्या खाली येतो, ती सफर किनाऱ्यासाठी घेऊ नका.