संकेश्वरीच्या नावानं गेलेले ५,९४९ रुपये

आधीच सांगते, माझं माहेर गडहिंग्लजचं. लाज वाटते ती त्याचीच. संकेश्वरी मिरचीचे ढीग बघत मी लहानाची मोठी झाले आणि पुण्यात बसून फोनवरून तिचंच बियाणं मागवलं. तेही बनावट निघालं.

हसण्याआधी माझी बाजू ऐका. आमच्या भावानं मिरची कधीच सोडली. पानं आकसवणारा बोकड्या रोग पडतो, तोडणीला बाई मिळत नाही, त्यापेक्षा ऊस बरा, असं त्याचं म्हणणं. बाजारात संकेश्वरी म्हणून काय काय विकतात ते सगळ्यांना माहीत आहे. चटणीला ब्याडगी रंगापुरती, लवंगी तिखटापुरती. पण दोन्ही एकत्र देणारी ती लांब, बारीक, सुरकुतलेली मिरची हवी म्हणून गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या. यात माझं काय चुकलं?

मे महिन्यात जाहिरात दिसली. ‘आजोबांच्या वाणाचं अस्सल गावरान संकेश्वरी बियाणं’, वीस-वीस बियांच्या दोन पुड्या ७९९ रुपये. सोबत ‘खास खत’ ६५० रुपये. बोलणारा माणूस गोड, भाषाही आमच्याकडचीच, वाक्यागणिक ‘ताई’.

पुडी फोडली आणि बिया तळहातावर घेतल्या. गुलाबी! बोटांना रांगोळीसारखा रंग लागला. तिथंच कळायला हवं होतं. माझी आई वाळल्या मिरच्या फोडून बी काढायची ते पिवळसर, फिकट असायचं. आजोबांच्या वाणाला गुलाबी पावडर कोण लावतं? ते औषध लावलेलं कंपनीचं बी, कुठल्यातरी संकरित मिरचीचं. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, ‘बीजामृत लावलंय ताई.’ बीजामृत शेण, गोमूत्र आणि चुन्याचं असतं, ते गुलाबी कसं होईल? हे मला माहीत होतं. तरी ‘हो का, छान’ म्हणून फोन ठेवला. चार महिने झाले, ते ‘हो का, छान’ अजून कानात वाजतंय.

चाळीसपैकी सदतीस बिया उगवल्या. सगळी रोपं एका उंचीची, जणू फूटपट्टी लावून वाढवलेली. घरचं बी इतकं एकसारखं उगवत नाही. मी मात्र ते माझ्या हाताचा गुण समजले आणि शेजारच्या चार घरांत रोपं वाटली. वर गावरान वाणावर व्याख्यानही दिलं. आता लिफ्टमध्ये त्यांच्या नजरा चुकवते.

नागपंचमीला त्याचा फोन आला. ‘रोपं कशी आहेत ताई? जानेवारीत आमची वाळली मिरची निघेल, ९०० रुपये किलो, बुकिंग संपत आलंय.’ रोपं टरारलेली समोर दिसत होती, विश्वास बसायला आणखी काय लागतं? पाच किलोचे ४,५०० रुपये पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव पुडीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. ‘भावाचं खातं आहे’ म्हणाला. असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवा.

गणपती गेल्यावर मिरच्या धरल्या. बोटाएवढ्या आखूड, गुळगुळीत, जाड सालीच्या. फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या आणि मी ब्लॉक.

पुढचा तमाशा वेगळाच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘५,९४९ हजार की लाख?’ रुपये म्हटल्यावर पेन खाली. ‘मिरच्या आल्या ना मॅडम? मग फसवणूक कसली?’ सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यात जा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. शेवटी कृषी कार्यालयात गेले. तिथं सातबारा मागितला. बारा कुंड्यांचा सातबारा कुठून आणू? मग लॉट नंबर मागितला. म्हटलं, पुडीवर लॉट नंबर नाही, हीच तर तक्रार आहे. तर म्हणे, लॉट नंबरशिवाय तक्रार घेता येत नाही. तीन हेलपाटे, दोन अर्ध्या रजा. लाखाच्या खाली गेलेला पैसा यांच्या लेखी पैसाच नाही. आणि असे ठग मुद्दाम हजारांतच लुटतात.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी दीड महिना मिरच्यांची वाट बघत बसले, तोवर खात्यात काय उरणार? पुडी आणि चार बिया जपून ठेवा. मी पुडी फेकणारच होते, नवऱ्यानं वाचवली. बियाणं खोटं आहे हे खात्रीनं फळ धरल्यावरच कळतं. सात दिवसांत परत घेण्याच्या बाता त्यामुळेच मारता येतात.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मिरचीचं बी इकत घ्यायचं असतंय व्हय गं? बरणीत हाय की.’ खरंच होतं, उन्हात वाळलेल्या मिरचीचं बी उगवतं. तिनं भावाच्या हाती सहा मिरच्या कागदात गुंडाळून पाठवल्यात. या झाडांजवळ मात्र लावणार नाही, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढचं बी बिघडतं.

काल बहिणीच्या फोनवर त्याच माणसाचं स्टेटस दिसलं. यावेळी ‘अस्सल भिवापुरी’ मिरचीचं बी, फोटो तोच, किंमतही ७९९. नागपूरकडच्यांनी बघून ठेवा.