नाशिकचं ‘गाइडेड कयाकिंग’: आगाऊ पैसे भरण्याआधी वाचा

जाहिरात अशी होती: नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातून पहाटेचं कयाकिंग, प्रशिक्षित गाइड, दुर्बिणी, ड्रोन व्हिडिओ, नंतर वाइनयार्डमध्ये नाश्ता. माणशी २,८०० रुपये. सोबत रोहित पक्ष्यांच्या थव्यातून सरकणाऱ्या केशरी कयाकचा व्हिडिओ. (रोहित होडीला इतकं जवळ येऊ देत नाहीत, आधीच उडतात, हे पक्षी बघणारा कुणीही सांगेल. पण व्हिडिओ सुंदर होता.)

आम्ही तिघं, मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, सोलापूरहून नाशिकला मामेसासऱ्यांकडे चाललो होतो. रक्कम ऐकून बायको म्हणाली, “एवढ्यात तर पैठणीचा पदर तरी येईल.” तरीही आकडा बघून आम्ही मागे सरलो नाही, आणि त्याला कारण होतं. पूर्वी अंदमानात हॅवलॉकला रात्रीचं कयाकिंग केलं होतं. अमावास्येच्या आसपास खारफुटीतल्या पाण्यात वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं, ते बघायला. तेही महागच होतं. पण तिथल्या गाइडने पाण्यात उतरण्याआधी काठावर बसवून सगळं शिकवलं: वल्हं कसं धरायचं, कयाक उलटली तर घाबरून तिला सोडायचं नाही, परत चढायचं कसं, शिट्टी कधी वाजवायची. भरती-ओहोटीची वेळ त्याला पाठ होती आणि त्याचा एक जोडीदार सगळ्यांच्या मागे होता. प्लॅस्टिकची होडी कुणीही आणून ठेवेल. पैसे मोजायचे ते अशा माणसासाठी, हा आमचा हिशोब, आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

म्हणून फोनवर मी तेच विचारलं. गाइड किती? “सर, तीन होड्यांमागे एक.” मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट? “आहे ना सर.” वन विभागाची परवानगी? “आपली सेटिंग आहे सर.” या शेवटच्या उत्तरावर मी पुन्हा खोदून विचारलं, तर म्हणाला, रीतसर पास काढतो, पावती सकाळी मिळेल. तिघांचे ८,४०० आणि वर ‘कयाक डिपॉझिट’ ३,०००, सगळं यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, एका बाईचं आलं. “अकाउंट वहिनींच्या नावावर आहे सर.”

लोकेशन आदल्या रात्री अकरानंतर आलं. नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, शहराच्या पूर्वेला, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे. लोकेशन मात्र पश्चिमेचं, गंगापूर धरणाच्या पाणलोटातलं, बोट क्लबपासून बरंच लांब. विचारलं तर उत्तर आलं की अभयारण्यात ‘आज पाणी कमी आहे’, इथेही तेवढेच पक्षी असतात. आणि आता रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

सकाळी काठावर जाहिरातवाला नव्हताच. विशीतला एक मुलगा आणि तीन कयाक. गाइड कुठे आहे म्हटल्यावर तो गोंधळून म्हणाला, “काका, गाइड इथं कुणी नसतो. मी फक्त होड्या देतो. मला होडीमागं तीनशे मिळतात.”

लाइफ जॅकेटचा फोम बसून पापडासारखा झालेला, एकाचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळी. मुलीसाठी वेगळं नव्हतंच. तिला मोठ्यांचं घालून खांद्याच्या पट्ट्या वर ओढून पाहिल्या, तर ते थेट कानांपर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर आणि पोरगी खाली. बायकोने तिला तिथेच खाली बसवलं आणि स्वतःही उतरली नाही. मी काठाकाठाने थोडा फिरलो. लांब जाऊ नका, हेही त्या मुलानेच सांगितलं: “ऊन चढलं की वारा सुटतो काका, जाताना पाठीवर घेतलात तर येताना तोंडावर येतो.” उघड्या जलाशयात हलकी कयाक वाऱ्याने आडवी होते, नवख्या माणसाचे हात भरून येतात आणि काठ जवळ यायचं नाव घेत नाही. हे सांगायलाच गाइड लागतो. ते काम तीनशे रुपयांत होडी देणारा पोरगा फुकट करत होता. नाश्ता म्हणजे कागदी द्रोणात गार पोहे. दुर्बिणी आणि ड्रोनबद्दल मी विचारलंही नाही.

डिपॉझिट मागितलं तर व्हॉट्सॲपवर कयाकच्या तळाचा फोटो आला, त्यावर लाल गोल काढून ‘स्क्रॅच’. मला दिलेली कयाक केशरी होती, फोटोतली पिवळी. हे लिहिल्यावर सूर बदलला: ठीक आहे, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. बायकोने फोन हातातून काढूनच घेतला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला खऱ्या नांदूरमध्यमेश्वरला नेलं, चापडगावच्या बाजूने. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा. वन्यजीव कायद्याखालचं अभयारण्य असल्यामुळे परवानगीशिवाय आत शिरताच येत नाही, त्यामुळे ‘सेटिंग’ हा शब्द कानावर पडला की फोन ठेवायचा. तिथे गावातलाच एक गाइड घेतला. त्याने टेलिस्कोप लावून मुलीला चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी एकेक करून दाखवली. होडी नाही, ड्रोन नाही, आणि पैसे त्या पहाटेच्या पासंगालाही पुरले नसते.

नाशिकच काय, कुठेही महागडं कयाकिंग घ्यायचं असेल तर माझं म्हणणं एवढंच: किमतीवर घासाघीस करण्याआधी गाइडशी स्वतः फोनवर बोला. एजंटाशी नाही, त्या सकाळी तुमच्यासोबत पाण्यात असणाऱ्या माणसाशी. खरा गाइड उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: पोहता येतं का, मुलांचं वजन किती, पाठीचं दुखणं आहे का. आम्हाला यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. जागा लेखी घ्या, ‘नाशिकजवळ’ म्हणजे जागा नव्हे. यूपीआयवर दिसणारं नाव आणि धंद्याचं नाव जुळत नसेल तर आगाऊ रक्कम नको, काठावर पोचल्यावर देतो म्हणा. जो प्रामाणिक आहे तो थोडा इसार घेऊन तयार होतो.

आधीच फसला असाल तर १९३० वर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे जायच्या आत अडण्याची शक्यता जास्त. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यासाठी सोलापूरकराला नाशिकच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आमची तक्रार सोलापुरात दाखल होतेय. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, पिवळ्या कयाकचा फोटो, सगळं जोडलंय. काठावरच्या त्या मुलाने होडीभाड्याचा हिशोब सही करून दिला आहे. मामांनी त्याला गाठलं तेव्हा कळलं, त्याचंही मागचं भाडं त्याच एजंटाकडे अडकलंय.